रोज तोंड धुतलेला लेसर

मित्रांनो, आपली गोष्ट जन्मापासून सांगावी, अशी रीत आहे. पण मला आधी एक पत्र आठवते. निळ्या शाईत लिहिलेले ते पत्र एका म्हाताऱ्या माणसाच्या टेबलाच्या खणात कित्येक महिने पडून होते. त्याला उत्तर गेले नव्हते. पत्रात एकच प्रश्न विचारला होता आणि तो माझ्याविषयी होता. त्या प्रश्नाचे उत्तर त्या म्हाताऱ्याला ठाऊक नव्हते, पत्र लिहिणारीला ठाऊक नव्हते, आणि तिच्या साहेबाला तर उत्तर नकोच होते. उत्तर फक्त मला ठाऊक होते, आणि मला तोंड नाही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, त्यातली गत. फरक इतकाच, की माझ्याकडे दाबायलाही तोंड नव्हते.

मी एक जुना लेसर आहे. लेसर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर भिंतीवर नाचणारा लाल ठिपका येत असेल, ज्याच्यामागे मांजर धावते. तो आमच्या कुळातला उनाड पोरगा. माझा आणि त्याचा संबंध आडनावापुरता. माझा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. मी काड्यापेटीएवढा, करड्या रंगाचा, स्क्रूंनी बंद केलेला डबा आहे. एका बाजूने माझ्यात वीज येते आणि दुसऱ्या बाजूने केसासारखी बारीक काचेची तार बाहेर पडते. त्या तारेतून माझा प्रकाश जातो. माझे काम एवढेच, की एक रंग धरायचा आणि तो हलू द्यायचा नाही. गवई एक सूर धरून बसतो तसा.

यात काय मोठे, असे तुम्हाला वाटेल. एकदा करून बघा. सूर धरा, आणि तेवढ्यात शेजारी कुणीतरी दार आपटू दे, घसा कोरडा पडू दे, मागून कुणी हाक मारू दे. सूर हलतोच. प्रकाशाचेही तसेच आहे. पंखा फिरला, कुणी टेबलाला टेकले, खोली जराशी तापली, की त्याचा रंग थरथरतो. या थरथरीला आमच्या धंद्यात गोंगाट म्हणतात. ज्याच्यात गोंगाट कमी, तो लेसर चांगला. माझ्या आधीचे कमी गोंगाटाचे लेसर जेवणाच्या टेबलाएवढे असत आणि त्यांच्या खोलीत माणसे चवड्यांवर चालत. तेवढी शांतता काड्यापेटीत बसवायची, हा हट्ट ज्या माणसाने धरला, त्याने मला घडवले.

प्रयोगशाळेत त्यांना सगळे कासवराव म्हणत. समोर कुणी आले की ते मान खांद्यांत ओढून घेत. टेबलावरचा फोन वाजला की त्यांना नेमकी तहान लागे आणि ते पाणी प्यायला जात. सभेत कुणी काही विचारले, तर ते उत्तर फळ्यावर लिहीत आणि त्याच्याआधी 'बहुधा' हा शब्द लिहायला विसरत नसत. बोटे मात्र त्यांची कधी घाबरली नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यात धरून त्यांनी माझा इवलासा स्फटिक बसवला. त्याच्यासमोर त्याहून इवलासा आरसा बसवला. आरसा चिकटवणारा डिंक वाळताना किंचित आकसतो, आणि आरसा केसभर जरी सरकला तरी सगळे फुकट जाते. माझी कितीतरी भावंडे अशीच फुकट गेली. म्हणून डिंक वाळेपर्यंत कासवराव माझ्यापाशी बसून राहत.

"कासवराव, चला की आता. डबा राखत बसणार का?" शेजारच्या टेबलावरचे सहकारी एकदा म्हणाले.

"डिंक वाळतोय."

"अहो, उद्या सकाळीही तो वाळलेलाच असेल!"

"हो, पण वाळताना मी नसेन," कासवराव म्हणाले आणि तेवढे बोलल्याबद्दल लाजून पुन्हा सूक्ष्मदर्शकात गेले.

मग माझी परीक्षा झाली. तिथे एका काचेच्या कुपीत एक वायू कोंडून ठेवलेला होता. तो वायू एकच ठरावीक रंग गिळतो, दुसऱ्याला शिवत नाही. मी बरोबर त्याच रंगावर उभा राहिलो, तर माझा प्रकाश कुपीतच गडप होतो आणि पलीकडे अंधार राहतो. मी जरासा सरकलो, की पलीकडे उजेड होतो; माझा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो पोचताच पेटणारा एक छोटा दिवा कुपीमागे लावलेला असतो. त्या कुपीला धाक दाखवता येत नाही आणि गळही घालता येत नाही. कुपीपलीकडे अंधार पडला आणि तो तसाच राहिला. कासवराव किती वेळ तरी त्या अंधाराकडे बघत राहिले. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कासवराव म्हणाले, "बहुधा बरा झालाय."

माझ्या घडवणाऱ्याकडून मला मिळालेले कौतुक ते एवढेच. नंतर त्यांनी माझ्या पोटावर एक छोटी चिठ्ठी चिकटवली. त्यावर बारीक अक्षरात स्वतःचा घरचा पत्ता आणि फोनचा नंबर लिहिला, आणि खाली, 'अडचण आल्यास कळवावे.' हे शब्द ध्यानात ठेवा. पुढे त्यांच्यावरून मी फार जळफळलो.

माझी उमेदीची वर्षे टेलिफोनच्या मोठ्या इमारतीत गेली. समुद्राखालून जाणाऱ्या काचेच्या तारेत मी प्रकाश सोडत असे आणि त्या प्रकाशावर लाखो माणसांचे बोलणे स्वार होऊन पलीकडच्या किनाऱ्याला जाई. माझा रंग जितका स्थिर, तितके जास्त बोलणे त्याच्यावर मावे. पाहुणे येत, काचेआडून माझ्याकडे बोट दाखवत. "एवढासाच?" असे म्हणत आणि चकित होत. मलाही तेव्हा बरे वाटे. पण आता विचार करतो, तर मनात येते, जन्मभर मी दुसऱ्यांचेच बोलणे वाहिले. पुढे माझ्याहून लहान आणि माझ्याहून शांत लेसर निघाले. मला काढून विकले. मी एका पंपघरात आलो.

हे पंपघर एका डोंगराच्या पायथ्याशी होते. डोंगराच्या कुशीवरून एक जाडजूड नळ येई आणि पुढे शहराला पाणी देई. नळालगत जमिनीत खोलवर काचेची तार पुरलेली होती, वर जाऊन परत आलेली. मी त्या तारेत प्रकाश सोडायचा. तो डोंगर चढून, उतरून परत माझ्याकडे येई. परत आलेला प्रकाश आणि माझा ताजा प्रकाश शेजारी शेजारी उभे केले, की त्यांची पावले जुळताहेत का ते कळे. तार इतकीशी जरी ताणली गेली, तरी पावले चुकत आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ वर चढे.

आता नीट ऐका, कारण सगळी गोम इथेच आहे. तार ताणली तर रेघ वर चढते. पण मी स्वतःच माझ्या रंगावरून सरकलो, तरीही रेघ तशीच वर चढते. नुसत्या पडद्याकडे बघून दोन्हींतला फरक कळत नाही. यंत्र बसवून देणाऱ्या माणसाने जाताना सांगितले होते, "लेसर म्हटलं की थोडा सरकणारच. रोज सकाळी हे बटण दाबा, रेघ शून्यावर येईल." झाले. त्या दिवसापासून पंपघराचा दिवस त्या बटणाने सुरू होऊ लागला. या कामाला तिथे 'तोंड धुणे' असे नाव पडले. आणि मी आवाज करत नाही, म्हणून माझे नाव पडले मुका.

"मुक्याचं तोंड धुतलं का?" पाळी बदलताना ते एकमेकांना विचारत.

"धुतलं. गाल लाल होईपर्यंत धुतलं," असे उत्तर येई आणि सगळे हसत.

मित्रांनो, मीही पहिल्यांदा हसलो. मग डोंगर सरकू लागला.

डोंगर ओरडत नाही. झोपेतला माणूस कूस बदलण्याआधी जरासा हलतो, तसा तो हलला. दिवसाकाठी नखाच्या जाडीएवढाही नाही. पण तार ताणली गेली आणि मला ते कळले. मी रेघ वर चढवली. सकाळी बोट आले, बटण दाबले, रेघ शून्य. मी पुन्हा चढवली. पुन्हा बोट, पुन्हा शून्य. पाऊस झाला की डोंगर जास्त सरके, मी रेघ जास्त चढवी आणि सकाळी ती तितक्याच निर्विकारपणे पुसली जाई. कुणी तुमचे बोलणे ऐकले आणि पटले नाही, तर निदान भांडता येते. माझे बोलणे मळ समजून धुऊन टाकत होते. कपाळावर हात मारून घ्यावा म्हटले, तर कपाळ नाही आणि हातही नाही.

डोंगराखाली पंपघरातल्या माणसांच्या घरांच्या ओळी होत्या. अगदी पहिल्या ओळीत, जिथून डोंगर हात लांब केला की लागेल असा वाटे, तिथे मीटरताई राहत. दिवसभर आकडे वाचतात म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना हे नाव दिले होते. घरात त्या, त्यांच्या सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. मीटरताईंची पाळी सकाळची, म्हणजे माझे तोंड बहुतेक वेळा त्यांच्याच हातून धुतले जाई. पण त्या बटण दाबण्याआधी एक क्षण थांबत आणि रेघेकडे बघत. त्या एका क्षणासाठी मी दिवसभर वाट बघत असे.

एका सकाळी साहेब आत आले, तेव्हा त्या बटणावर बोट ठेवून तशाच उभ्या होत्या.

"साहेब, ही रेघ रोज वरच जाते. एकदाही खाली नाही."

"लेसर जुना झालाय, ताई. माझे गुडघे बघा, रोज एकाच बाजूनं दुखतात."

"पण पाऊस झाला की जास्त सरकते."

"गुडघेसुद्धा!" साहेब म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर मनमुराद हसले.

मीटरताई हसल्या नाहीत. "लेसर नसून डोंगरच सरकत असेल तर?"

साहेबांचे हसू तिथेच थांबले. "डोंगर सरकतोय असं मी वर कळवायचं? म्हणजे शहराचं पाणी बंद, खालची सगळी घरं रिकामी. कशाच्या भरवशावर, तर या काड्यापेटीच्या! उद्या काड्यापेटीच खोटी निघाली, तर लोक मला उभं राहू देतील का? हा ज्यानं बनवलाय ना, त्याच्या सहीचा कागद आणा. लेसर सरकत नाही, एवढं त्यानं लिहून द्यावं. मग मी आहे आणि वरचे लोक आहेत."

साहेब वाईट नव्हते. भित्रे होते, आणि भित्र्या माणसाला कागद म्हणजे छत्री वाटते. मीटरताईंनी मला उलटे करून पोटावरची चिठ्ठी वाचली. कासवरावांना निरोप पाठवले, ते त्यांनी उघडले नाहीत. फोन केला, तो वाजून वाजून थांबला. कासवरावांना तहान लागली असणार, हे मी ओळखले. शेवटी मीटरताईंनी कागद घेतला आणि माझ्या शेजारी बसून, स्वतःशी पुटपुटत पत्र लिहिले. "आदरणीय सर, तुम्ही बनवलेला लेसर आमच्याकडे आहे. रेघ रोज वर सरकते. सरकतोय तो लेसर की डोंगर, हे आम्हाला कळत नाही. डोंगराखालच्या पहिल्या ओळीत मी, माझ्या सासूबाई आणि माझी मुलगी राहतो. कृपा करून दोन ओळी सहीनिशी कळवा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! विचारणारे कुणीतरी भेटले होते, आणि विचारले होते ते नेमक्या माणसाला. मी मनात म्हटले, आता बघाच. जो माणूस डिंक वाळताना उठून गेला नाही, तो या पत्राला उत्तर द्यायला किती वेळ लावील?

उत्तर आले नाही. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. मीटरताई टपालवाल्याच्या सायकलीकडे बघत आणि मान फिरवत.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "बनवणाराच गप्प आहे. यातच सगळं आलं. काढा तो मुका, नवीन मागवू."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला उपटण्यात आले. मीटरताईंनी मुलीच्या जुन्या फ्रॉकच्या मऊ कापडात मला गुंडाळले. डब्याचे झाकण लावण्याआधी त्या वाकून हळूच म्हणाल्या, "मुक्या, खरं सांग रे. सरकतोय कोण, तू की डोंगर?"

मी जिवाच्या आकांताने सांगितले. पण वीज काढलेली होती. आणि ती असती, तरी काय झाले असते म्हणा.

पोटावरच्या चिठ्ठीतल्या पत्त्यावर, टपालाने मी माझ्या जन्मदात्याच्या घरी पोचलो. कासवराव आता म्हातारे झाले होते. पुस्तकांनी भरलेल्या एका लहान खोलीत ते बसत आणि वाचलेल्या पानावर बोट ठेवून, आपल्याला हे नीट समजले का, याची शंका घेत. शेजारच्या खोलीत त्यांच्या पत्नी शिवणकाम करत. मशीनच्या खडखडाटावरून आवाज काढायची सवय असल्यामुळे त्या साधे 'चहा घेता का' विचारत, तेही गल्लीला कळे.

कासवरावांनी खोके उघडले. मला तळहातावर घेतले. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटले, आता मला वीज देणार, कुपीसमोर उभा करणार. ती कुपीसुद्धा घरातच होती. प्रयोगशाळेने मोडीत काढली, तेव्हा यांनी ती उचलून आणली होती. पण ते पुटपुटले, "म्हणजे बिघडलाच. तो डिंकच असणार." आणि त्यांनी खण उघडून मला आत ठेवले. खाली काहीतरी कागदासारखे लागले. ते पत्र होते. उघडलेले, वाचलेले, वाचून वाचून घडीवर विरलेले.

मग मला उलगडा झाला. उत्तर द्यायचा त्यांचा विचार होताच. खणात अर्धवट लिहिलेल्या कागदांचे बोळेही होते. पण लेसर सरकत नाही असे लिहावे आणि तो सरकत असला तर? उगाच माणसे घरातून उठतील. सरकतो असे लिहावे आणि तो सरकत नसला तर? त्याचा विचार त्यांना करवेना. या दोन भयांच्या मधे ते मान आत ओढून बसले होते. आणि जगात काहीही बिघडले तर ते आपल्यामुळेच, अशी त्यांची जन्माची खात्री होती. अहो, मग एकदा मला वीज देऊन बघा ना! परीक्षा घ्या! मी खणाच्या अंधारात चरफडलो. तपासायचीच भीती वाटणाऱ्या माणसाचे करायचे तरी काय?

एके दुपारी फोन वाजला. कासवराव पाण्याच्या माठाकडे निघाले. पण त्या दिवशी मशीनचा पट्टा तुटला होता, म्हणून त्यांच्या पत्नीला फोन ऐकू गेला.

"कोण? पंपघरातून? कसला लेसर? ... हो का? ... अगं, नीट सांग, मला काही माहीतच नाही." बराच वेळ त्यांनी ऐकून घेतले. मग फोनवर हात ठेवून त्या ओरडल्या, "अहो! पंपघरातली मुलगी विचारतेय. नवा लेसर बसवला, तोही तसाच सरकतोय म्हणे. साहेब म्हणतात, हाही खराब. आणि तुम्हाला हिनं पत्र पाठवलं होतं?"

कासवराव माठापाशी पेला धरून उभे राहिले.

"कुठंय ते पत्र?"

त्यांनी खणाकडे बघितले. पत्नीने खण ओढला, मला बाजूला केले, पत्र काढले आणि उभ्या उभ्या वाचले. पहिल्या ओळीतल्या घराशी त्या थांबल्या. पुन्हा वाचले. मग त्या बोलल्या, तेव्हा त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

"दोन वेगळ्या टेपांनी मापलं आणि दोन्हींनी कंबर वाढलेली दाखवली, तर टेपा खराब नसतात हो. कंबर वाढलेली असते."

"पण दोन्हींत दोष असू शकतो," कासवराव म्हणाले. "बहुधा नसेल. पण असू शकतो."

"मग तपासा!"

"आणि निघाला दोष तर?"

"तर तसं लिहा. अहो, तुम्ही बोलत नाही म्हणून लोक तुम्हाला सज्जन समजतात. मीही समजत होते. पण गप्प माणसाच्या जागी दुसरंच कुणीतरी बोलतं आणि ते तुमच्या नावावर खपतं. तिकडे तो साहेब तुमच्याच तोंडानं बोलतोय. कळतंय का?"

कासवरावांनी पेला ठेवला. पत्नीने फोनवरचा हात काढला आणि नेहमीच्या आवाजात सांगितले, "आजपासून त्या नव्या लेसरचं तोंड धुऊ नकोस. कागद येतोय." पलीकडून मीटरताई म्हणाल्या, "नाही धुणार, काकू. मुलीला मी बहिणीकडे ठेवलंय. सासूबाई मात्र हलत नाहीत. म्हणतात, डोंगर सरकतोय असं तू म्हणून काय होतंय, साहेबाचा कागद दाखव." साहेबाला कासवरावांचा कागद हवा होता, सासूबाईंना साहेबाचा. सगळे त्या एका सहीवर येऊन अडले होते.

कासवरावांनी पुस्तके जमिनीवर उतरवून टेबल मोकळे केले. मला वीज दिली. किती दिवसांनी माझ्या अंगात ऊब आली! समोर तीच कुपी उभी राहिली. मी माझा रंग धरला. कुपीपलीकडे अंधार पडला.

कासवराव बघत राहिले. अंधार तसाच राहिला. त्यांनी कुपीवर संशय घेतला, ती पुसून पुन्हा लावली. अंधार. विजेवर संशय घेतला, दुसरीकडून वीज घेतली. अंधार. तळहाताने मला तापवले, खिडकी उघडून थंड वारा आत घेतला, शेवटी दारही आपटून बघितले. मी तसूभर हललो नाही. मग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला आणि चष्मा पुसला. आता मी आणखी काय करायला हवे होते? कुपीवर हात ठेवून शपथ घ्यायची होती का? दिवस मावळला, दुसरा उजाडला, तिसरा आला. त्यांचे आपले चालूच.

"झालं का?" पत्नी दारातून विचारत.

"अजून एकदा बघतो."

"डोंगर काय तुमच्यासाठी थांबलाय?"

या प्रश्नावर कासवरावांचे हात थबकले. ते खुर्चीत टेकले, माझ्याकडे वाकले आणि एका बोटाने माझ्या पोटाला, आत जिथे तो आरसा आहे तिथे, हलकेच स्पर्श केला.

"डिंक धरून आहे," ते म्हणाले. त्यात 'बहुधा' नव्हते. माझ्याविषयी चांगले बोलताना, पहिल्यांदाच.

पण कागदावर ते आलेच! त्यांनी लिहिले, 'केलेल्या तपासणीवरून बहुधा असे वाटते, की सदर लेसर कदाचित फारसा सरकत नसावा, तरी आपण आपल्या स्तरावर खात्री करून घ्यावी.' पत्नीने ते वाचले आणि कागद त्यांच्यापुढे परत ठेवला.

"हे वाचून त्या मुलीनं काय करायचं? राहायचं की निघायचं?"

"मला खात्रीनं लिहायची सवय नाही."

"यात तुमची सवय कुठे आली? कुपी काय म्हणाली ते लिहा."

मित्रांनो, मी टेबलावरून सगळे बघत होतो. त्यांनी 'बहुधा' खोडले. 'असे वाटते' खोडले. मग पेन हवेत थांबले. 'कदाचित' खोडायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. मग 'फारसा' खोडले. इतकी वर्षे ज्या माणसाने प्रकाशातला गोंगाट चिमट्याने वेचून काढला, त्याच्या एका वाक्यात इतका गोंगाट भरलेला होता. शेवटी त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहिले, 'लेसर सरकत नाही. डोंगर सरकत आहे. घरे ताबडतोब रिकामी करावीत.' खाली तपासणीची हकिगत लिहिली, आणि सही केली. सही त्यांच्या मानाने बरीच मोठी आली. त्यांनी ती जराशी लाजून बघितली.

तुम्ही मला विचाराल, आता तरी राग गेला का? पूर्ण नाही गेला. हा कागद कित्येक महिन्यांपूर्वी जायला हवा होता. तुमच्या घरीदारी, शाळेत, अंगणात माझ्यासारखी पुष्कळ मुकी असतील. काही यंत्रे असतील, काही माणसेही असतील. ती रोज एकच गोष्ट सांगत असली, तर त्यांचे तोंड धुऊन टाकण्याआधी मीटरताईंसारखे एक क्षण थांबा. आणि तुम्हाला उत्तर माहीत असले, किंवा नुसते तपासून बघता येत असले, तर खण लावून बसू नका. एवढेच माझे मागणे आहे.

कासवराव घराबाहेर पडले. पत्र हातात होते आणि मी सदऱ्याच्या खिशात. मला का बरोबर घेतले, ते त्यांनाही सांगता आले नसते. कोपऱ्यावर लाल पत्रपेटी होती. त्यांनी पत्र तिच्या तोंडात अर्धे सारले आणि तसेच धरून ठेवले. खिशातून मला त्यांच्या काळजाची धडधड लागत होती, आणि मी, ज्याला डोंगराने बदललेली कूससुद्धा कळते, तो काहीही करू शकत नव्हतो. मागे पिशव्या घेतलेली एक बाई आपले पाकीट घेऊन ताटकळत उभी होती.

"आजोबा," ती म्हणाली, "टाकताय की काढताय?"

कासवरावांनी मान आत ओढली. मग बाहेर काढली.

"टाकतोय," ते म्हणाले आणि त्यांनी बोटे सोडली.

आत कागदावर कागद पडल्याचा आवाज झाला. अगदी बारीक. पण मी तो ऐकला.